‘ला काबिना’ : दिवसाउजेडीचे भय

भयपट म्हटला की अंधार, ओसाड वाडा, अतृप्त आत्मा ही सामग्री गृहीत धरली जाते. आन्तोनिओ मेर्सेरो यांनी स्पॅनिश दूरचित्रवाणीसाठी केलेल्या ‘ला काबिना’ (१९७२) या ३५ मिनिटांच्या लघुपटात यांपैकी काहीच नाही.  मुलाला शाळेच्या गाडीपाशी सोडून परतणारा गृहस्थ चौकातील नव्या टेलिफोन बूथमध्ये शिरतो आणि दार उघडेनासे होते. भोवतीची गर्दी हसते. प्रेक्षकही हसतो, आणि हे हसणेच पुढे त्याच्या अंगाशी येते. कारण माणसासकट बूथ मालमोटारीवर चढवला जातो, आणि वाटेत तसाच कोंडलेला दुसरा माणूस दिसतो. विनोदी नट म्हणून ख्यातनाम असलेल्या होसे लुइस लोपेस वास्केस यांच्या चेहऱ्यावरील ओशाळेपणा हळूहळू भीतीत विरघळतो, तोही जवळजवळ संवादांविना. फ्रँकोच्या राजवटीचे रूपक म्हणून या कृतीकडे पाहिले जाते. ते गैर नव्हे. पण तेवढ्यावरच थांबल्यास मुख्य गोष्ट निसटते. बूथ नेणारी माणसे क्रूर नाहीत. ती नेमून दिलेले काम करीत असतात. शेवटी त्याच चौकात नवा बूथ बसवून ती निघून जातात. दार उघडेच असते.