अंगाने बोललेला विनोद

नट-दिग्दर्शक भगवानदादांच्या कारकिर्दीचे मोजमाप आता दोन गोष्टींत उरकले जाते: ‘अलबेला’तला नाच आणि दादरच्या चाळीतले अखेरचे दिवस. ‘एक अलबेला’ (२०१६) या चरित्रपटाचाही सगळा भर ‘अलबेला’च्या जडणघडणीवरच आहे. मंगेश देसाई यांनी नाचाची लकब मेहनतीने उचलली. पण त्या लकबीमागे वीस वर्षांची अंगमेहनत आहे, आणि खरा विषय तोच आहे.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ चा, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला त्याच वर्षाचा. वडील गिरणी कामगार. मूकपटांत किरकोळ कामे करत हा मुलगा सिनेमा शिकला आणि तेवढ्यात, १९३१ साली, ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली. संगीत नाटकातले गळे आणि पल्लेदार भाषणे स्टुडिओत शिरली. भगवान यांच्याकडे गायकी नव्हती, भाषणाची ऐटही नव्हती. होते ते बुटके, आडवे, व्यायामाने कसलेले शरीर. चंद्रराव कदम यांच्यासह ‘बहादुर किसान’ (१९३८) दिग्दर्शित केल्यावर त्यांनी दहाबारा वर्षे तुटपुंज्या पैशांत स्टंटपट काढले. १९४१ मध्ये तर ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपटही दिग्दर्शित केला. मुंबईच्या गिरणगावातल्या माणसाला तो करता आला, कारण त्यांची भाषा शब्दांची नव्हतीच.

स्टंट आणि विनोद यांत फार अंतर नसते. उडी साधली की टाळी, चुकली की हशा. वेळेचे गणित दोन्हीकडे एकच. या शाळेची किंमतही मोठी होती. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवान यांच्या हातून बसलेल्या थपडेने अभिनेत्री ललिता पवार यांच्या डोळ्याला कायमची इजा झाली. त्याच वर्षी भगवान यांनी ‘जागृती पिक्चर्स’ ही कंपनी काढली आणि १९४७ मध्ये चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभारला.

समीक्षकांनी या स्टंटपटांकडे पाठ फिरवली, कारण या पटांचा प्रेक्षक त्यांना दिसत नव्हता. उदाहरणार्थ, आजच्या जालना जिल्ह्याचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता: घरात मराठी, कचेरीत उर्दू, बाजारात दोन्हींची सरमिसळ. पुण्या-मुंबईचा शब्दनिष्ठ विनोद अंबड-भोकरदनपर्यंत पोचताना वाटेत अर्धा सांडणारच. घसरून पडणाऱ्या माणसाचा विनोद मात्र आहे तसा पोचतो.

‘अलबेला’ (१९५१) हे या सगळ्याचे फळ. रंगभूमीची स्वप्ने पाहणारा कारकून प्यारेलाल उभा राहतो तोच मुळी हास्यास्पद आणि लोभस. नाचताना गुडघे किंचित वाकलेले, पावले जवळपास जागच्या जागी, हात संथपणे पुढे-मागे, खांदे तालाच्या कणभर मागे. शेजारी गीता बाली विजेसारखी, आणि हा गृहस्थ घाईच करत नाही. हशा त्या उशिरातून येतो. सी. रामचंद्र यांनी संगीत दिले, ‘चितळकर’ या नावाने भगवान यांच्यासाठी गायलेही. पण चाल ऐकू येते कानाला. कष्टाची नोकरी, बहिणीचे लग्न आणि न सुटलेली हौस एकाच वेळी दिसते ती त्या ढिल्या खांद्यांत. ‘झमेला’ (१९५३) ही त्याच घडीची पुन्हा घातलेली घडी. तिच्यावर शब्द खर्चण्याचे कारण नाही.

मराठी पडद्यावरच्या विनोदाचा इतिहास मात्र लेखणीच्या बाजूनेच लिहिला गेला. मास्टर विनायक आणि अत्रे यांचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) संवादांसाठी गाजतो; त्यातल्या दामुअण्णा मालवणकरांच्या नजरेवर कुणी दोन पाने लिहीत नाही. दादा कोंडक्यांची चर्चा द्व्यर्थापाशी अडकते, ‘सोंगाड्या’तली (१९७१) बावळट चाल तशीच सुटते. ‘चला हवा येऊ द्या’ किंवा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या टीव्ही कार्यक्रमांत अंगाने खेळणारे नट आहेत, पण प्रहसन उभे राहते ते वाक्यांच्या टोल्यांवर. कंबरेच्या वर कापलेल्या चौकटीत पाय दिसत नाहीत, आणि पाय दिसत नाहीत तिथे पडणे, अडखळणे, तोल सावरणे हे सारे संपते. ‘शारीरिक विनोद’ हा शब्दच मराठी परीक्षणांत दूषण म्हणून वापरला जातो. ही चूक आहे, आणि ती रसिकतेची नव्हे, शिक्षणाची आहे: नाटकाची संहिता वाचायला शिकलेला समीक्षक पडद्यावरही संहिताच शोधतो.

पुढे ‘अलबेला’ची कमाई नव्या निर्मितींत बुडाली, स्टुडिओ गेला, बंगला गेला, गाड्या गेल्या. जुन्या पटांपैकी बहुतेकांच्या निगेटिव्ह आगीत जळाल्या. छोट्या भूमिकांत दिग्दर्शक त्यांच्याकडून तेवढा एक नाच मागून घेत राहिले. भगवानदादा ४ फेब्रुवारी २००२ रोजी वारले. स्टंटपटांची एखादी प्रत कुठल्या गोदामात, संग्राहकाच्या कपाटात उरली असेल, तर तिचा शोध पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि मराठी अभ्यासकांनी मिळून घेतला पाहिजे. मराठी विनोदाचा अर्धा इतिहास त्या डब्यांत आहे.