व्याकरणाचा नियम आणि राज्यकर्त्याचा हुकूम

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपण आदराने घेतो, ते १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’मुळे. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण मात्र आपल्या घरांतून फारसे परिचित नाही. पोर्तुगीज भाषेत लिहिलेला हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांनी, १६४० मध्ये, गोव्यातील राशोल येथे छापला गेला.

ग्रंथाचे दोष उघड आहेत. तो कोकणीला लॅटिनच्या साच्यात बसवू पाहतो. ज्यांची ती भाषा, त्यांच्या हाती पडावा म्हणून तो लिहिलेलाच नाही. तो परदेशी धर्मगुरूंसाठी आहे. तरीही त्यामागील वृत्ती शिष्याची आहे. आधी लोकांचे बोलणे ऐकावे, मग त्यात दडलेला नियम शोधावा, ही ती वृत्ती होय. स्थानिक भाषा न जाणणाऱ्या धर्मगुरूकडे धर्मग्राम सोपवू नये, असे गोव्याच्या धर्मपरिषदेने १६०६ मध्येच ठरविले होते.

पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी हुकूम काढला: प्रजेने तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी व मातृभाषेचा वापर सोडावा, न ऐकणाऱ्यास शिक्षा व्हावी. या हुकुमामागे काही धर्मगुरूंचाही आग्रह होता, हे आपण झाकून ठेवू नये. व्याकरणकाराने लोकांच्या मुखातून नियम वेचला. हुकुमाने त्याच मुखावर हात ठेवला. कोकणी मात्र टिकली आणि १९८७ मध्ये गोव्याची राजभाषा झाली.

हे सारे गोव्याचे व जुने, असे म्हणून मला सुटता येत नाही. पेणजवळच्या हमरापूरला मी एका गणपतीच्या कारखान्यात गेलो होतो. रंगाने माखलेल्या हातांनी एका आगरी मुलाने मला तांब्या दिला आणि तो ‘पानी’ म्हणाला. मी तत्काळ ‘पाणी’ अशी दुरुस्ती केली. मुलगा ओशाळला, आणि मी निघेपर्यंत एक शब्दही बोलला नाही.

‘ण’च्या जागी ‘न’ हा त्याच्या बोलीचा नियम आहे, तिथे चूक काहीच नव्हती. स्टीफन्स असते तर त्यांनी तो टिपून घेतला असता. मी मात्र निवाडा केला आणि शिक्षाही दिली. पाणी तेवढे त्याच्या हातचे प्यालो.