वॉल्टनचा बेडूक

आयझॅक वॉल्टनचा ‘द कम्प्लीट अँग्लर’ हा ग्रंथ १६५३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चारच वर्षांपूर्वी इंग्लंडने आपल्या राजाचा शिरच्छेद केला होता. अशा काळात साठीतला हा भाविक गृहस्थ गळाने मासे धरण्याच्या कलेवर शांत, प्रसन्न संवाद लिहीत होता. प्रभूचे चार प्रेषित कोळी होते याचा त्याला कोण अभिमान! त्यामुळे हे पुस्तक बहुधा सात्त्विक वाङ्मय म्हणून वाचले जाते. पाईक माशावरचे प्रकरण मात्र त्या वाचनात नीट बसत नाही.

मराठीत पाईक म्हणजे सेवक. हा मासा कुणाचाच सेवक नव्हे. वॉल्टन त्याला गोड्या पाण्यातला जुलमी राजा ठरवतो. तो पाणवनस्पतीतून उपजतो, दोनशेहून अधिक वर्षे जगतो, असल्या ऐकीव कथाही तो रंगवून सांगतो; त्या सोडून देऊ. खरा प्रश्न आमिषाचा आहे. जिवंत बेडकाच्या तोंडातून गळ घालून तो कल्ल्यातून बाहेर काढावा, पाय रेशमी धाग्याने तारेला शिवावा, आणि हे करताना त्याच्यावर जणू आपले प्रेम आहे असे वागावे, असे वॉल्टन सांगतो. कशासाठी? तर तो अधिक वेळ जिवंत राहावा म्हणून. येथे प्रेम हे केवळ हत्यार झाले आहे, आणि लेखकाला त्याची जाणीवही नाही. कवी बायरनने पुढे वॉल्टनच्याच घशात गळ अडकवावा असे लिहिले, ते उगाच नव्हे.

पण बायरनने अर्धाच वॉल्टन पाहिला. याच ग्रंथाच्या आरंभी मार्च, एप्रिल आणि मे या विणीच्या महिन्यांत मासेमारी बंद ठेवावी, असा त्याचा कळकळीचा आग्रह आहे. गाभोळीची मासळी धरणे म्हणजे पिलांवर बसलेली पक्षीण घरट्यातून उचलण्यासारखे निसर्गाविरुद्ध पाप, असे तो म्हणतो आणि मोशेच्या नियमशास्त्राचा दाखला देतो (अनुवाद २२:६). आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रनौका बंद असतात. त्यामागचा विचार वेगळा नाही.

ज्यांची मुले कॅनडा-अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांनी तिथल्या तळ्यांवरचा वसंत पाहिला असेल. पाईक उथळ गवतात अंडी टाकून निघून जातो. बास जातीचा नर मात्र तळाशी घरटे करून अंड्यांची राखण करतो आणि जवळ येईल त्याच्यावर, गळावरही, तुटून पडतो. हौशी शिकारी त्याला हळुवार हाताळतात, छायाचित्र काढतात, पाण्यात सोडतात. तेवढ्या अवधीत इतर मासे घरटे रिकामे करतात. वॉल्टनने सांगितलेले बेडकावरचे प्रेम ते हेच, आणि त्याला उत्तरही वॉल्टनच्याच त्या आरंभीच्या पानांत आहे.