निवेदक आणि श्रोता : दूरदर्शनवरील ‘महाभारता’ची कथनमीमांसा

कथा-कादंबरीच्या अभ्यासातून घडलेली कथनमीमांसेची परिभाषा चित्रपटाला किंवा दूरदर्शन-मालिकेला लावू गेले की पहिला प्रश्न निवेदकाचा उपस्थित होतो. छापील कथा कोणीतरी सांगत असते. पडद्यावरील घटना मात्र नुसती घडताना दिसते. म्हणूनच डेव्हिड बोर्डवेल यांनी १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले की, चित्रपटाच्या कथनासाठी निवेदक गृहीत धरण्याचे कारण नाही. पडद्यावरील खुणांवरून कथा रचण्याचे काम प्रेक्षकच करीत असतो. सीमर चॅटमन यांना हे मान्य नव्हते. दाखवणे हाही सांगण्याचाच एक प्रकार होय, आणि त्यामागे निवेदनाची यंत्रणा मानावीच लागते, असे त्यांनी १९९० मध्ये मांडले.

आपल्याकडील मालिकांनी या वादाला निराळेच वळण दिले. त्यांनी निवेदक उघडपणे समोर आणला. ‘हम लोग’मध्ये (१९८४-८५) प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत, आणि प्रेक्षक त्यांना पत्रे लिहीत. १९८८ मध्ये सुरू झालेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मध्ये रोशन सेठ यांनी साकारलेले नेहरू इतिहासाचे निवेदन करतात. बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारता’त (१९८८-९०) तर साक्षात काळच निवेदक झाला. अशा ठिकाणी निवेदक आहे की नाही, हा प्रश्न उरत नाही. तो कोणाला सांगतो, हा प्रश्न उरतो.

झेरार जेनेत यांनी निवेदनाच्या पातळ्या आणि घटनांचा क्रम यांची जी चिकित्सा केली, तिला महाभारताइतके समृद्ध उदाहरण क्वचितच सापडेल. नैमिषारण्यात उग्रश्रवा सौती शौनकादी ऋषींना कथा सांगतो; त्या कथेत सर्पसत्राच्या वेळी वैशंपायन जनमेजयाला सांगतो; आणि त्याच्याही आत संजय धृतराष्ट्राला सांगतो. प्रत्येक निवेदकासमोर एक श्रोता बसलेला आहे. तो अडवतो, शंका काढतो, पुन्हा सांगायला लावतो. शिवाय हे श्रोते तटस्थ नाहीत. जनमेजय आपल्याच पूर्वजांची कथा ऐकत आहे. धृतराष्ट्र आपल्याच पुत्रांचा नाश.

युद्धपर्वांतील क्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. भीष्मपर्वात संजय रणभूमीवरून परततो तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊनच. धृतराष्ट्र शोक करतो, हे घडलेच कसे म्हणून विचारतो, आणि मग मागे जाऊन सगळे सांगितले जाते. गीता येते ती या मागे वळून केलेल्या निवेदनात. अर्जुनाला युद्धाला उभे करणारा उपदेश आपण ऐकतो तेव्हा त्या युद्धात पितामह कोसळले आहेत, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. द्रोण, कर्ण आणि शल्य यांच्या पर्वांतही आधी मृत्यूची वार्ता आणि मग हकीकत, हीच रीत आहे. पुढे काय होणार, ही उत्कंठा महाकाव्याने जाणूनबुजून टाकून दिली आहे. हे का झाले, हा प्रश्न त्याने जवळ केला आहे.

मालिकेत हा क्रम सरळ झाला. संजय धृतराष्ट्राजवळ बसून समोर चाललेले युद्ध त्याच वेळी वर्णन करतो. त्याचे निवेदन सामन्याच्या धावत्या समालोचनासारखे होते. याला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. दर रविवारी प्रेक्षकाला परत आणणे हा मालिका या प्रकाराचा मूलभूत संकेत आहे, आणि तो उत्कंठेवर उभा असतो. चौऱ्याण्णव भागांचा पसारा जोडून घेण्यासाठी राही मासूम रझा यांच्या संहितेला काळासारखा सर्वज्ञ सूत्रधार उपयोगी पडला. हरीश भिमानी यांच्या धीरगंभीर आवाजाने त्याला भारदस्तपणा दिला. सर्वग्रासी काळाची कल्पना मूळ ग्रंथालाही परकी नाही. परंतु काळाला प्रश्न विचारता येत नाही. सौतीने ऐकलेले सांगितले, संजयाने पाहिलेले. काळाला मात्र आपल्या ज्ञानाचा दाखला कोणाला द्यावा लागत नाही. तो बोलतो तेव्हा त्याच्यासमोर शौनक नसतो, जनमेजय नसतो. प्रेक्षक ऐकतो, पण अडवू शकत नाही.

ही माध्यमाचीच मर्यादा होती, असे म्हणावे तर ‘भारत एक खोज’ आड येते. त्याच दूरदर्शनवर, जवळपास त्याच काळात, बेनेगल यांनी तीजनबाई यांच्या पंडवानीला स्थान दिले. छत्तीसगढच्या या गायनप्रकारात मुख्य गायकाबरोबर ‘रागी’ असतो. तो हुंकार भरतो, मध्येच विचारतो, कथेला पुढे ढकलतो. आपल्या पोवाड्यातला झीलकरी त्याचाच भाऊबंद. श्रोत्याची जागा लोकपरंपरेने रंगमंचावरच राखून ठेवली आहे, आणि कॅमेऱ्याला ती टिपता आली.

तेव्हा दृक्श्राव्य कथनाची मीमांसा निवेदकापाशी थांबून चालणार नाही. कथेच्या आत श्रोत्याला जागा आहे की नाही, हेही तिने तपासले पाहिजे. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात या मालिकेचे पुनःप्रसारण झाले, आणि आणखी एका पिढीला महाभारत प्रथम भेटले ते याच रूपात. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न मालिकेतही आहे. पण तो प्रश्न ऐकून पुढे आपला प्रश्न विचारणारा जनमेजय तिथे नाही. ज्या ग्रंथाची सारी रचना प्रश्नांनी पुढे सरकते, त्यातून विचारणारा नाहीसा झाला की उरलेली कथा पूर्ण दिसते. मात्र ती निर्णय झाल्यासारखी ऐकू येते.