रुचीचा मंडप : नेरळ-माथेरानच्या निमित्ताने

वैयक्तिक आवडनिवड ही वादाच्या पलीकडची गोष्ट आहे, असा समज मराठी आस्वादपर लेखनात आणि प्रवासवर्णनात खोलवर रुजलेला आहे. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे म्हटले की चर्चा संपते. या समजाला शास्त्राधार द्यायचा झाल्यास ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गाकडे बोट दाखवले जाते. स्वयंवरात इंदुमती अंगदेशाच्या राजाला ओलांडून पुढे जाते. तो देखणा नव्हता असे नाही, तिला पारख नव्हती असेही नाही. लोकांची रुची भिन्न असते, असा निर्वाळा तेथे कालिदास देतो. हा निर्वाळा स्वीकारताना एक गोष्ट मात्र दृष्टीआड होते. रुचिभेदाचे हे औदार्य मंडपाच्या आत घडते. तेथे कोणाला आसन मिळावे हे इंदुमतीच्या रुचीने ठरलेले नाही. ते कुळाने आणि राज्याने आधीच ठरवून ठेवले आहे. म्हणजे रुचिभेद हा समानांमधला व्यवहार होय. मंडपाबाहेरच्यांविषयीचा निर्णय जेव्हा रुचीची भाषा बोलू लागतो, तेव्हा तो पूर्वग्रह असतो.

प्रवासाच्या संदर्भात हा भेद तपासण्यासाठी नेरळ-माथेरान परिसर उपयोगी पडतो. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट खालापूरकडील चौकहून माथेरानचा डोंगर चढला. या घटनेला आजही सर्रास माथेरानचा ‘शोध’ म्हटले जाते. परिसरातील ठाकूर, कातकरी आणि धनगर यांना ठाऊक असलेला डोंगर ‘सापडला’ असे म्हणण्यासाठी त्यांचे ठाऊक असणे जमेस न धरणे आवश्यक असते. १८७१ मध्ये जे. वाय. स्मिथ यांचे माथेरानवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. माणसे, वनस्पती आणि प्राणी असा त्याच्या शीर्षकातील विषयांचा क्रम आहे. पाहुण्याच्या नजरेत डोंगरावरील माणूस निसर्गसूचीतील पहिली नोंद ठरतो, हे ते शीर्षक नकळत सांगून जाते. २२ मार्च १९०७ रोजी नेरळहून छोटी गाडी सुरू झाली आणि सुमारे २१ किलोमीटरचा तो चढ प्रवासाच्या आनंदाचाच भाग झाला. नेरळ मात्र गाडी बदलण्याचे ठिकाण राहिले. रुची डोंगरमाथ्यासाठी राखून ठेवलेली. पायथ्याच्या वाड्या खिडकीतून दिसतात, त्यांच्याविषयी मत होते, परिचय होत नाही.

याच १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, हा योगायोग विचारप्रवर्तक आहे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला. त्याच्या निवेदनात सोवळे-ओवळे, जातिनियम, परमुलुखातील रीतिभाती यांविषयीचे निवाडे जागोजागी आहेत आणि आजच्या वाचकाला त्यांतील कित्येक खटकतात. परंतु गोडसे भटजी ‘हे मला आवडत नाही’ अशा भूमिकेवरून बोलत नाहीत. त्यांच्या निवाड्यामागे आचाराचा एक उघड नियम असतो. नियम उघड असल्यामुळे त्याच्याशी वाद घालता येतो, तो नाकारताही येतो. वैद्यांनी मूळ मजकुरात फेरफार केले होते आणि मूळ हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाखाली १९६६ मध्ये आली, हेही येथे ध्यानात घ्यावे. एका पिढीला झाकावेसे वाटलेले पुढच्या पिढीला वाचावेसे वाटले, एवढी त्या मतांची वादक्षमता टिकून होती. आधुनिक पर्यटकाच्या आवडीला हे भाग्य लाभत नाही. ती आपला नियम सांगत नाही; स्वभावाचा आधार घेते आणि म्हणून सुरक्षित राहते.

अशी सुरक्षित राहिलेली रुची काय करू शकते, याचा पुरावा अन्नविषयक लेखनात सापडतो. कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता, त्या काळातील गॅझेटियरमध्ये कातकऱ्यांच्या आहाराची नोंद आहे. काथ पाडणारा तो काथोडी किंवा कातकरी, हे नाव मूळ व्यवसायाचे. पण समाजमनात हा व्यवसाय मागे पडला आणि शेतातला उंदीर खाणारा अशी ओळख पुढे आली. वननियमांनी काथाचा धंदा आवळल्यावर कोळसाभट्टी आणि वीटभट्टी वाट्याला आलेल्या या जमातीच्या दैन्याचा उलगडा तिच्या ताटातून करणे सोयीचे ठरले. गोमांस न खाणारे सोन कातकरी आणि खाणारे ढोर कातकरी, ही अंतर्गत विभागणीदेखील रुचीची निशाणी नव्हे. बाहेरच्या प्रतवारीचा तो आतपर्यंत पोहोचलेला दाब आहे.

खाणारा स्वतः लिहू लागला म्हणजे काय घडते, याचे ठळक उदाहरण मराठवाड्यातून येते. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी-चमच्याच्या प्रमाणात मराठी स्वयंपाक बांधून दिला. त्या पुस्तकाचे कर्तृत्व मोठे आहे. पण त्यातील ‘आपण’ कोण, हा प्रश्न त्याला पडत नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात तोच प्रश्न शीर्षकापासून उभा आहे. मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या पाककृती आणि त्यांच्याभोवतीचा अपमान ते एकाच पानावर मांडतात. वाचकाला ते पदार्थ आवडावेत अशी अट तेथे नाही. ‘किळस’ या शब्दाने आपला इतिहास सांगावा, एवढीच मागणी आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रत्येक आवडीमागे पूर्वग्रह शोधू लागल्यास आस्वाद म्हणून काही शिल्लक राहील का? आक्षेप गंभीर आहे, कारण रुचीची झडती घेणारी समीक्षा लवकरच नीतिपाठ बनते. म्हणून कसोटी आवडीच्या आशयाला लावू नये, तिच्या वर्तनाला लावावी. जी रुची परिचयाने बदलू शकते, निदान परिचयाला सामोरी जाते, ती रुची होय, मग तिचा निर्णय कितीही प्रतिकूल असो. जी परिचयापूर्वीच पूर्ण झालेली असते, ती नाहीच. या कसोटीवर गोडसे भटजींचे पुष्कळ निवाडे पडतील. तरी यजमानाच्या ओसरीवर महिनोन्‌महिने राहून त्यांनी ते केले, हे त्यांच्या बाजूला जमा धरावे लागेल. नेरळच्या फलाटावरून डोंगराकडे पाहणाऱ्या प्रवासवर्णनाला एवढीही जमा नाही.

तेव्हा समीक्षेने लेखकाच्या रुचीची चर्चा करावी की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. ती रुची ज्या मंडपात उच्चारली गेली, त्याच्या दारावर कोण उभे होते आणि कोणाला परत पाठवले गेले, याची विचारणा प्रवासवर्णनाच्या वाचनाचा नित्य भाग झाली पाहिजे.