झाडीपट्टीचा कपडेपट

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगावच्या मंडया सुरू होतात. दिवसभर दुकाने आणि पाहुण्यांची वर्दळ, रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर पहाटेपर्यंत चालणारे नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतली ही झाडीपट्टी रंगभूमी अलीकडे बाहेरच्यांच्याही नजरेत भरली आहे. इथले नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर आणि इथल्या लोककलांवर पुस्तके लिहिली. नटांविषयी, संगीताविषयी, प्रेक्षकांच्या अफाट गर्दीविषयी आता पुष्कळ बोलले जाते. रंगमंचावर जे अंगावर चढते, त्याविषयी मात्र जवळजवळ कोणीच बोलत नाही.

नाटकवाल्यांच्या भाषेत हा कपडेपट. तो भाड्याने पुरवणारा तो ड्रेपरीवाला. नाटक कंपन्यांची मोठी पेठ वडशाला, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजला. लाखांदूर तालुका ओलांडला की ती आलीच. हंगामात कंपनी आज एका गावात तर उद्या दुसऱ्या गावात. नटांबरोबर पेट्याही फिरतात. संध्याकाळी पेटी उघडायची, राजापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना कपडे चढवायचे, रात्री उसवलेले तिथेच टाचायचे आणि उजाडताना दवाने ओलसर झालेले, घामेजलेले कपडे पुन्हा कोंबायचे. या फिरतीतच कापडाची निवड ठरून जाते. जे चुरगळत नाही, लवकर वाळते, कोणाच्याही अंगाला सैल-घट्ट करून बसते, ते कापड चांगले.

म्हणून खरेदी होते ती नागपूरला. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर इतवारी आणि गांधीबागेचा कापडबाजार आहे. तिथे साटीन, वेलवेट, टिश्यू, टिकल्यांची जाळी, चकाकती लेस असे सगळे एकाच फेरीत मिळते. पन्हा मोठा, दर परवडणारा. पौराणिक नाटक असो की ऐतिहासिक, अंगरखा साटीनचा आणि त्यावर सोनेरी लेस हा सोपा हिशेब. एके काळी असे कापड रंगमंचावर शोभलेही असेल. आजच्या एलईडीच्या पांढऱ्या झोतात ते आरशासारखे चमकते. नटाचा चेहरा मागे पडतो आणि लेस पुढे येते. दरबारातला राजा आणि प्रधान एकाच ताग्यातून कापल्यासारखे दिसतात. इतक्या ताकदीने उभा राहणारा नट इतक्या पोकळ कपड्यात पाहताना वाईट वाटते.

आणि हे घडते कुठे? तर भंडाऱ्यात, कोशाच्या म्हणजे टसर रेशमाच्या जिल्ह्यात.

ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचे कोष, ते जपणारी ढीवर कुटुंबे, त्यातून सूत काढणारे हात आणि मोहाडी, आंधळगावच्या विणकरांचे माग, ही साखळी या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कोशाचा मूळ रंग मधासारखा. त्याला झळाळी असते, पण ती डोळ्यांवर येत नाही. करवतकाठी साडीत मधले अंग कोशाचे आणि काठ सुती. काठाच्या आतल्या बाजूचे ते करवतीचे दाते छापलेले नसतात, तीन धोटे चालवून विणलेले असतात. लांबून, पिवळ्या-पांढऱ्या उजेडात, हा काठ जितका ठसठशीत दिसतो तितकी कुठलीही लेस दिसत नाही. रंगमंचाला नेमके हेच हवे असते.

कोसा महाग, घाम सोसत नाही, रोज पेटीत कोंबता येत नाही, ही ड्रेपरीवाल्यांची अडचण खरी आहे. पण सगळा कपडेपट कोशाचा असावा असे कोण म्हणते? नायकाचा एक शेला, एखादे उपरणे, राणीची एकच साडी खऱ्या मागावरची असली तरी बाकीचे सुती चालून जाते. नवा पोशाख घ्यायला इतवारीला जाणारी गाडी वर्षातून एकदा मोहाडीकडेही वळली, तर खर्चाचा डोंगर उभा राहणार नाही.

अडचण खर्चाहून मोठी आहे. कापड आणण्यापूर्वीच चित्र ठरलेले असते, आणि ते चित्र दूरचित्रवाणीवरच्या मालिकेतले किंवा गाजलेल्या सिनेमातले असते. मोबाइलवर फोटो दाखवायचा, तसाच शिवून घ्यायचा. नक्कल आजची नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. पुढे नाटक-सिनेमांतल्या देवतांनी त्याच साड्या नेसल्या. बालगंधर्वांच्या भरजरी शालू-पैठण्या पाहून बायकांनी नेसण्याच्या तऱ्हा उचलल्या. घेणे वाईट नाही. घेतल्यावर त्यात स्वतःचे काय घातले, हा प्रश्न आहे.

कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथैया यांनी याचे उत्तर कामातून दिले. 1966 च्या ‘आम्रपाली’ चित्रपटासाठी त्या अजिंठ्याच्या चित्रांकडे गेल्या. लेण्यांतली वस्त्रे कोणाच्याच मालकीची नव्हती, पण भिंतीवरच्या रंगातून नर्तिकेच्या अंगावर बसणारा काट शोधणे हे त्यांचे काम होते. ‘गांधी’साठी 1983 साली जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळाले, भारतीयाला मिळालेले ते पहिले ऑस्कर. वेशभूषाकाराचा प्रवास म्हणतात तो हा. झाडीपट्टीत कपडेपट हंगामभर मैलोन्‌मैल फिरतो, पण पाहण्यासाठी फिरत नाही. पवनीच्या प्राचीन स्तूपांचे अवशेष आणि शिल्पे, जुन्या दंडारीतल्या नाच्याचे लुगडे नेसणे, घरातल्या म्हाताऱ्यांची पागोटी बांधण्याची रीत, हे सगळे वाटेवरच आहे.

आता कायद्याचे. ‘कपड्याला कसला कॉपीराइट?’ असे शिंपी सहज म्हणतो आणि तो अर्धा बरोबर आहे. अंगरख्याचा पारंपरिक काट, नऊवारीची नेसण, दंडारीचा वेश हे सर्वांचे आहे. त्यावर कोणी हक्क सांगू नये. पण पोशाखाचे कोणी नव्याने काढलेले रेखाटन 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृती ठरते, आणि कागदावरचे चित्र त्रिमितीत उतरवणे हीसुद्धा त्याची प्रत मानली जाते. मात्र 15 व्या कलमात मोठी मेख आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी गोष्ट नोंदवली नाही आणि मालकाकडून किंवा त्याच्या संमतीने औद्योगिक पद्धतीने तिच्या पन्नासपेक्षा जास्त प्रती निघाल्या, की कॉपीराइट संपतो. फॅशन डिझायनर रितू कुमार यांच्या कंपनीने ‘बिबा’ या कपड्यांच्या कंपनीविरुद्ध लढवलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयात 2016 साली याच कलमावर अडला. नोंदणी केली तर 2000 च्या डिझाइन कायद्याने दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते, पण अर्ज पोशाख लोकांसमोर येण्याआधी करावा लागतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2017 साली चीअरलीडरांच्या गणवेशांच्या खटल्यात कपड्यावरची नक्षी आणि कपड्याचा काट वेगळे काढले. संरक्षण मिळू शकते ते नक्षीला.

यातून झाडीपट्टीसाठी निघणारी गोष्ट मोलाची आहे. मोठ्या कंपनीला पन्नासची अट आडवी येते. हाताने एक-दोन नग शिवणाऱ्या कारागिराला ती सहसा येत नाही. त्याचे स्वतःचे रेखाटन असेल तर त्याची बाजू भक्कम. पण रेखाटनच नसते! माप तोंडी, चर्चा तोंडी, कापड मोबाइलवरच्या फोटोबरहुकूम. दुसऱ्या वेशभूषाकाराचे चित्र न विचारता उचलणारा आणि स्वतःचे काम उचलले गेल्यावर हात चोळत बसणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो.

विणकराची गोष्ट थोडी निराळी. करवतकाठीला भौगोलिक मानांकन आहे, पुणेरी पगडीला 2009 पासून आहे. मानांकन नाव राखते, नक्षी नाही. कुठल्याही गिरणीने पॉलिस्टरवर करवतीचे दाते छापून वेगळ्या नावाने विकले, तर मानांकनाचा फारसा उपयोग नाही. म्हणून ड्रेपरीवाल्याने छापील करवतकाठ आणून ‘भंडाऱ्याचा पोशाख’ म्हणून मिरवणे हे साटीनपेक्षाही वाईट. त्यात शेजारच्या विणकराचे पोट मारले जाते.

नाटकाच्या पत्रकावर लेखक असतो, दिग्दर्शक असतो, नट-नटी आणि वादक असतात. कपडेपट असलाच तर दुकानाच्या नावाने. कॉपीराइट कायद्याच्या 57 व्या कलमाने कलाकृतीच्या कर्त्याला आपले कर्तेपण सांगण्याचा हक्क दिला आहे आणि कॉपीराइट विकल्यावरही तो जात नाही. त्यासाठी कर्ता कोण हे आधी कागदावर यावे लागते. हंगामापूर्वी कंपनी आणि ड्रेपरीवाला यांच्यात ठरते ते एकरकमी भाडे. नव्या पोशाखाच्या कल्पनेचा मोबदला त्यातच विरून जातो. भाडे एका ओळीत आणि रेखाटनाचा मोबदला दुसऱ्या ओळीत लिहिला, रेखाटनावर नाटकाचे नाव, तारीख आणि सही आली, शेला कोणत्या विणकराकडून घेतला याची नोंद त्याच कागदावर झाली आणि पत्रकात ‘वेशभूषा’ या शब्दापुढे माणसाचे नाव छापले, तर या सगळ्याला वकील लागत नाही की नागपूरची फेरी.