कापड उलटं करून पाहा

सिंदेवाहीत उभं राहून फॅशनवर बोलायचं म्हटलं की काही जणांना हसू येतं. धानाचा पट्टा, चारी बाजूंनी जंगल, इथे कसली आली फॅशन? पण आम्हा फॅशन शिकणाऱ्यांना वर्गात जी कापडं ‘उंची’ म्हणून दाखवतात, त्यातल्या एका कापडाचा धागा याच भागातल्या झाडांवर तयार होतो. ते कापड म्हणजे टसर, आपल्याकडचा कोसा. आज या कोशाच्या निमित्ताने फॅशन उद्योगाबद्दल आमचं मत मांडायचं आहे.

मत थोडक्यात आधीच सांगतो. आम्हाला कपड्याची फक्त समोरची बाजू वाचायला शिकवलं जातं. रंग, काट, पडण, यंदा काय चालतंय, एवढंच. कापड उलटं करून पाहायची सवय लावलीच जात नाही. आणि ट्रेंड नावाची गोष्ट या न पाहण्यावरच चालते.

सुरुवात शब्दापासून करू. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६७ साली फॅशनच्या भाषेवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. अंगावरचा कपडा वेगळा आणि मासिकात शब्दांनी लिहिलेला कपडा वेगळा, असा फरक त्याने त्यात केला. विकला जातो तो बराचसा दुसरा. आता आपल्या बाजारात ‘टसर’ हा शब्द पाहा. ‘टसर फिनिश’, ‘टसर लूक’, ‘सेमी टसर’. आम्ही शिकत असताना नमुन्यांच्या वहीत ‘टसर’ अशी चिठ्ठी लावलेला एक तुकडा होता. त्याचे दोन धागे काढून जाळून पाहिले. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. आमच्या धाग्याची वितळून टणक गोळी झाली. पॉलिस्टर! म्हणजे रंग कोशाचा, खरखर कोशासारखी, नाव कोशाचं. फक्त कोसा तेवढा नव्हता.

आता खरा कोसा कसा होतो ते पाहू, कारण त्याशिवाय या नावाच्या चोरीचं मोल कळत नाही. तुतीच्या रेशमाच्या अळ्या घरात, ट्रेमध्ये वाढतात. टसरच्या अळ्या उघड्यावर, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. ऐनाला आपल्याकडे येन म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः ढिवर समाजाने केलं आहे. अळ्या झाडावर सोडल्या की महिना-दीड महिना राखण करावी लागते. पाखरं टिपतात, मुंग्या खातात, गांधीलमाश्या येतात. एका झाडाची पानं संपली की अळ्यांसकट फांदी कापून दुसऱ्या झाडावर न्यायची. अंडीपुंज रोगट निघाले, पेब्रिन पसरला, की पूर्ण पीक हातचं जातं. आणि ही राखण कुठे करायची? ब्रह्मपुरी वनविभागातलं जंगल म्हणजे काय, हे इथल्या लोकांना सांगायला नको. मोह आणि तेंदूसाठी गेलेली माणसं वाघामुळे परत न आल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्याच जंगलाच्या कडेला बसून कोणीतरी अळ्या राखतं, तेव्हा कोसा होतो.

गंमत अशी की फॅशनचे जसे दोन हंगाम, वसंत-उन्हाळा आणि शरद-हिवाळा, तशी कोशाचीही साधारण दोन पिकं. पावसाळ्याच्या तोंडावर पहिलं, ते मुख्यतः बियाण्यासाठी. त्यानंतरचं दुसरं, सुतासाठी. पण साम्य इथेच संपतं. फॅशनच्या दुकानात आता दर काही आठवड्यांनी नवा माल लागतो. कोशाला घाई करता येत नाही. कोशातला किडा हिवाळा-उन्हाळा झोपून काढतो आणि पावसाची चाहूल लागल्यावरच पाखरू होऊन बाहेर येतो. समजा, उद्या कोणी जाहीर केलं की यंदा टसरचा ट्रेंड आहे. येनाच्या झाडावर लगेच जास्त कोसा लागणार आहे का? नाही. मग मागणी भागवतं कोण? पॉलिस्टर भागवतं, नाहीतर चीनहून येणारं ओक टसरचं सूत. इथल्या माणसापर्यंत ट्रेंडचा पैसा पोहोचायच्या आत ट्रेंड संपलेला असतो. आमचा आक्षेप ट्रेंड वाईट असण्यावर नाही. त्याचा वेग आणि कापडाचा वेग यांचा मेळच बसत नाही, यावर आहे.

आता एक टीका आमच्या स्वतःच्याच जमातीवर. वेगाला कंटाळलेली फॅशन दुसऱ्या टोकाला जाते आणि म्हणते, ‘हाताने केलेलं ते सगळं सुंदर.’ आम्हीही आमच्या प्रकल्पांत हे वाक्य भक्तिभावाने लिहिलं आहे. पण टसरचं सूत परंपरेने कसं काढतात माहीत आहे? उकडलेल्या कोशांतून तंतू ओढायचे आणि उघड्या मांडीवर हाताने घासून पीळ द्यायचा. देशाच्या टसर पट्ट्यात बायकांनी वर्षानुवर्षं हे केलं. मांडीची कातडी सोलवटते, आणि दिवसाकाठी सूत निघतं थोडंसं. केंद्र सरकारने ही पद्धत बंद करायचं ठरवलं आणि ‘बुनियाद’ नावाची सूत काढायची यंत्रं बायकांना द्यायला सुरुवात केली. म्हणजे इथे यंत्र येणं हीच माणुसकी आहे. ‘हातचं’ या शब्दावर जास्त पैसे घेणाऱ्याने सांगावं, कोणाचा हात आणि कोणाची मांडी?

मग सगळंच यंत्राने करा, असं आम्ही म्हणतोय का? तसंही नाही. विदर्भातली करवत काठी साडी घ्या. अंग टसरचं, काठ सुती, आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. अंगाचा आडवा धागा वेगळा, दोन्ही काठांचे वेगळे, म्हणून तीन धोटे चालवावे लागतात. जिथे अंग आणि काठ भेटतात, तिथे विणकर ते धागे एकमेकांत अडकवत जातो. इथे हाताला काम आहे आणि हाताला बुद्धीही लागते. आता बाजारातली छापील करवत घ्या आणि उलटी करा. मागे रंग फिका पडलेला दिसेल, कारण नक्षी वर बसवलेली आहे, विणलेली नाही. खऱ्या साडीचा काठ कापडातच असतो. करवत काठीला भौगोलिक मानांकन आहे. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, घोंगडी आणि खणासोबत तिचं नाव आहे. नाव राखण्याची व्यवस्था झाली, हे चांगलंच. पण मानांकन साडीला मिळतं. येनाखाली बसलेल्या माणसापर्यंत ते आपोआप जात नाही.

इथे कोणी म्हणेल, मग गावातल्या बायका स्वतः पॉलिस्टर का नेसतात? बरोबर प्रश्न आहे. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून काम करायचं, संध्याकाळी साडी धुवायची आणि सकाळी तीच नेसायची, तर लवकर वाळणारी, स्वस्त साडीच लागते. आम्हाला शिकवतात की नैसर्गिक धागा म्हणजे सद्‌गुण आणि कृत्रिम धागा म्हणजे पाप. हा धडा भरल्या कपाटासमोर बसून लिहिलेला आहे. कोसा राखणाऱ्या बाईला कोसा नेसणं परवडत नाही, यात दोष तिच्या निवडीचा नाही.

जगात हा प्रश्न मोठ्या आवाजात विचारला गेला तो २४ एप्रिल २०१३ नंतर. बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि कपडे शिवणारे ११३४ कामगार गेले. तेव्हापासून ‘माझे कपडे कोणी शिवले?’ असं लोक विचारू लागले. प्रश्न मोलाचा आहे, पण तो शिवणाच्या कारखान्यापाशी थांबतो. सिंदेवाहीतून विचारलं तर तो पुढे जायला हवा. विणलं कोणी? सूत काढलं कोणी? कोश राखले कोणी? आणि अंतिम किमतीतलं त्या प्रत्येकाच्या हातात काय पडलं? २००४ पासून सिल्क मार्क आहे, २००६ पासून हँडलूम मार्क आहे. पहिलं खूण धाग्याची सांगतं, दुसरं मागाची. दोन्ही पाहूनच घ्या. पण वाटणी कशी झाली, हे या दोन्हींतलं कोणीच सांगत नाही.

म्हणून आमचं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे. एक, जे टसर नाही त्याला टसर म्हणू नये. पॉलिस्टरला पॉलिस्टर म्हणण्यात कमीपणा काही नाही. दोन, डिझायनरला कोसा खरंच आवडत असेल तर त्याने एका हंगामापुरता न घेता सलग काही वर्षं, ठरलेल्या भावाने घ्यावा. झाडाला आणि माणसाला तेवढी मुदत लागते. तीन, आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना गुण देताना चित्रांच्या फलकाबरोबर सुताचा हिशोबही मागावा. तो देताना आमची तारांबळ उडेल, उडू द्या.

यंदा काय चालणार, हे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते नीटसं येत नाही. पण आज घरी गेल्यावर कपाटातला तुमच्या आवडीचा एक कपडा काढा, उलटा करा, आणि त्याच्यामागे किती माणसं उभी आहेत ते मोजायचा प्रयत्न करा. कुठेतरी मोजणी अडेल. ती जिथे अडते, तिथून पुढचं बोलायला हवं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.